तक्रारीखालचं उत्तर कुणाचं?
एक्सवर कंपनीला टॅग करून तक्रार लिहिली की बरेचदा लगेच उत्तर येतं: ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व, तपशील डीएम करा.’ माफी चारचौघांत, बाकीचं बोलणं खासगीत. हे रास्तच आहे; मोबाइल नंबर किंवा पीएनआर उघड्यावर लिहू नयेच. चारचौघांत बोभाटा झाला की कंपन्या हलतात, हेही खरं. 2009 मध्ये कॅनडाच्या डेव्ह कॅरल या गायकाने युनायटेड एअरलाइन्सच्या प्रवासात मोडलेल्या गिटारवर गाणं रचून यूट्यूबवर टाकलं. लाखोंनी ते पाहिलं आणि भरपाई नाकारणारी कंपनी स्वतःहून बोलायला आली.

पण तुमची तक्रार भामटेही वाचतात, आणि मला काळजी वाटते ती याची. त्यांच्या बनावट खात्यावरून तिच्याखाली उत्तर येतं: बँकेचा लोगो तोच, नावापुढे ‘केअर’, स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर जास्तीचं आणि खाली साधा मोबाइल नंबर. फोन लावला की स्क्रीन शेअर करणारं ॲप घ्यायला सांगतात, मग ओटीपी मागतात. निळ्या टिकवर विसंबू नका, एक्सवर ती पैसे भरून मिळते. कंपनीचं खरं खातं तिच्या अधिकृत वेबसाइटवरूनच उघडा. पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवा. कंपनीच दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे 1915.