शालेय आरोग्य तपासणी : शेरा कार्डावरच राहू नये



वर्षातून एकदा शाळेत आरोग्य पथकाची गाडी येते. मुलं रांगेत उभी राहतात, वजन-उंची होते, डॉक्टर डोळे, दात, कान, छाती बघतात, कार्डावर शेरा लिहितात आणि गाडी पुढच्या शाळेला जाते. एका मुलाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटं येतात. म्हणूनच तपासणीचा खरा उपयोग दोन गोष्टींवर अवलंबून असतो : आपण आधी काय सांगितलं आणि नंतर काय केलं.

ही तपासणी कोणती?

सरकारी व अनुदानित शाळांत येणारं हे पथक ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा’चं असतं. हा कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. 0 ते 18 वर्षांच्या मुलांमधले जन्मजात दोष, जीवनसत्त्व-लोहाची कमतरता, आजार आणि विकासातला विलंब अशा चार गोष्टी यात शोधतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी होते. पुढचे उपचार, गरज पडल्यास शस्त्रक्रियासुद्धा, मोफत असतात.

शिक्षकांनी आधी काय टिपायचं?

डॉक्टर मुलाला काही मिनिटं बघतात, आपण रोज पाच-सहा तास बघतो. पथक येण्यापूर्वी वर्गाची एक छोटी यादी करा :

1. फळ्यावरचं उतरवताना डोळे बारीक करणारं किंवा शेजाऱ्याच्या वहीतून लिहिणारं मूल. याला आपण पटकन ‘लक्ष नाही’ म्हणतो, पण कदाचित त्याला दिसतच नसेल.
2. हाक मारली की दोनदा ‘काय?’ विचारणारं, किंवा कान वाहणारं मूल.
3. परिपाठाला उभं राहिल्यावर चक्कर येणारं, फिकट दिसणारं, लवकर थकणारं मूल.
4. जिना चढताना किंवा पळताना धाप लागणारं मूल.

डोळ्यांची प्राथमिक चाचणी तर आपल्यालाही करता येते. तक्ता 6 मीटरवर, म्हणजे साधारण 20 फुटांवर, चांगल्या उजेडात लावायचा आणि एकेक डोळा झाकून वाचायला लावायचं. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर एका डोळ्याचा दोष सहज लपतो.

खेळणाऱ्या मुलांसाठी चार प्रश्न

क्रीडा स्पर्धांआधी ‘मूल तंदुरुस्त आहे’ असा दाखला घेतला जातो. पालकहो, त्याच्याआधी घरी हे विचारा :

- पळताना कधी छातीत दुखलं का? 
- खेळता खेळता शुद्ध हरपली होती का?
- इतर मुलांपेक्षा लवकर दम लागतो का, खोकल्याची ढास लागते का?
- घरात कुणाचा पन्नाशीच्या आत अचानक, हृदयविकाराने मृत्यू झाला आहे का?

एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर आधी डॉक्टर, मग मैदान. काही हृदयविकार नुसत्या स्टेथोस्कोपने कळत नाहीत, घरच्यांनी दिलेल्या माहितीवरूनच डॉक्टरांना दिशा मिळते. दमा असलेल्या मुलाला मात्र कायमचं बसवून ठेवू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने, इनहेलर जवळ ठेवून ते छान खेळू शकतं. हे क्रीडाशिक्षकांना माहीत असायला हवं.

तपासणीनंतर

कार्डावर ‘पुढे पाठवा’ असा शेरा असेल तर खरं काम तिथून सुरू होतं. मूल ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, नाहीतर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात न्यावं लागतं. इथेच गाडी अडते. पालकांचा दिवसाचा रोज बुडतो, ‘दुखत तर नाही ना’ म्हणून विषय मागे पडतो. अशा वेळी वर्गशिक्षकाने एवढं तरी करावं : शेऱ्याची मुलं वेगळी नोंदवावीत, पालकांशी समोरासमोर बोलावं आणि पंधरा दिवसांनी ‘जाऊन आलात का?’ विचारावं. शेरा वर्गात मोठ्याने वाचू नये. ‘चष्मेवाला’, ‘अशक्त’ अशी नावं मुलांना फार लागतात.

लोहाच्या गोळीचंही तसंच. पहिली ते पाचवीला गुलाबी आणि सहावीपासून पुढे निळी गोळी आठवड्यातून एकदा मिळते. ती जेवणानंतर, आपल्यासमोर घ्यायला लावा. तिच्यासोबत चहा नको, कारण चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही.

पालकहो, आज दप्तरातून ते कार्ड काढून एकदा वाचा. शेवटच्या रकान्यात काही लिहिलं असेल तर याच आठवड्यात दवाखान्यात जायचा वार ठरवा.