‘७५ टक्के पेशंटचा बीपी आटोक्यात!’ पण कितीपैकी ७५ टक्के?

समजा, कोपरखैरण्यातल्या एका सोसायटीत हृदयाच्या आरोग्याचा उपक्रम सुरू झाला. बीपीच्या ४० पेशंटनी नाव नोंदवलं. तीन महिने जेवणात मीठ कमी, निसर्ग उद्यानात रोज चालणं आणि गोळ्या वेळेवर. शेवटी बॅनर लागला, ‘७५ टक्के पेशंटचा बीपी आटोक्यात!’

आता हिशोब करू.

शेवटच्या तपासणीला २० जण आले. त्यातल्या १५ जणांचा बीपी १४०/९० च्या खाली होता. २० पैकी १५, म्हणजे ७५ टक्के. पण नोंदणी ४० जणांची होती. ४० पैकी १५ म्हणजे साडेसदतीस टक्केच!

न आलेल्या २० जणांचं काय?

कुणाची शिफ्ट बदलली असेल, कुणी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी सोडली असेल. वाढलेला बीपी बहुतेकदा जाणवतच नाही. त्यामुळे काळजी यांचीच जास्त, आणि बॅनरवर नेमके हेच नाहीत.

पहिला आकडाही फसवतो

जिना चढून आल्या आल्या मोजलेला बीपी जास्त येऊ शकतो. पुढच्या वेळी निवांत मोजला की काहीच न करता उतरलेला दिसतो. म्हणून दोन्ही वेळी पेशंटला पाच मिनिटं शांत बसवून, किमान दोनदा बीपी मोजायला हवा.

मग हार्ट अटॅक किती टळले, हे मोजायचं का? ४० माणसं आणि तीन महिने, एवढ्यात ते कळत नाही. त्यासाठी हजारो माणसं आणि काही वर्षं लागतात. छोट्या उपक्रमाने बीपी आणि गोळ्या किती जणांनी चालू ठेवल्या, एवढं नीट मोजलं तरी पुरे.

हे शक्य आहे का?

हो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह’मध्ये पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. तिथे टक्केवारी नोंदणी झालेल्या पेशंटवरून काढतात. तपासणीला न आलेल्यांचीही वेगळी मोजणी होते, म्हणजे कुणाला परत बोलवायचं ते कळतं.

पुढच्या वेळी ग्रुपवर असं पोस्टर आलं तर तीन प्रश्न विचारा. सुरुवातीला किती जण होते? शेवटी किती उरले? गेलेल्यांना कुणी फोन केला का?

आणि त्या गेलेल्यांत तुमच्या घरातलं कुणी असेल, तर पहिला फोन तुम्हीच करा.