एका घरात दुसऱ्यांदा

१९९९ साली इंग्लंडमधल्या एका खटल्यात बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी आकडा सांगितला: ७ कोटी ३० लाखांत एक. सुखवस्तू, धूम्रपान न करणाऱ्या घरात दोन तान्ही बाळं कारणाविना दगावण्याची म्हणे ही शक्यता. सॅली क्लार्क या वकील आईला जन्मठेप झाली.

हिशेब सोपा होता आणि साफ चुकीचा. एका मृत्यूची शक्यता ८,५४३ मध्ये एक धरली आणि त्या आकड्याला त्यानेच गुणलं. पण भावंडांचं रक्त एक, घर एक, झोपवण्याची पद्धतही एक. मग दुसरा मृत्यू पहिल्यापासून सुटा कसा मानायचा? शिवाय धाकट्या बाळाच्या तपासणीत जंतू सापडले होते, ते अहवाल बचावपक्षाला मिळालेच नव्हते. २००३ मध्ये क्लार्क सुटल्या.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात कॅथलीन फोल्बिग दोषी ठरल्या. त्यांची चार मुलं १९८९ ते १९९९ या काळात गेली होती. पुढे कॅरोला विनुएसा यांच्या पथकाला आई आणि दोन्ही मुलींत 'कॅल्म-२' जनुकातला दुर्मीळ बदल आढळला. हृदयाचे ठोके नियमित राखणाऱ्या प्रथिनाची सूचना या जनुकात असते. ती बिघडली की झोपेतही हृदय थांबू शकतं. साध्या शवविच्छेदनात ते दिसत नाही.

अर्थात दरवेळी आई निर्दोषच असते असंही नाही. अमेरिकेत वॅनेटा हॉइट यांच्या घरातल्या मृत्यूंवरून १९७२ मध्ये 'तान्ह्या बाळांचे असे अचानक मृत्यू कुटुंबात चालत येतात' असा शोधनिबंध निघाला. १९९५ मध्ये त्या पाच मुलांच्या खुनात दोषी ठरल्या.

फोल्बिग यांची शिक्षा न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये रद्द केली. तोवर त्यांची वीस वर्षं तुरुंगात गेली होती.