सह्याद्रीच्या कातळातील होकायंत्र

महाबळेश्वरचा घाट चढताना दिसणारा काळा कातळ सगळा सारखाच वाटतो. त्याच्या थरांत मात्र सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा नोंदलेली आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत या क्षेत्राची नियमित मोजणी १८४१ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वीच्या कोट्यवधी वर्षांचा हिशेब विचारायचा तो या दगडालाच.

भूगर्भातून बाहेर पडलेल्या लाव्हारसाचे तापमान हजार अंश सेल्सिअसहून अधिक होते. तो निवताना त्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे सूक्ष्म कण तयार झाले. तापमान ५८० अंशांखाली उतरले, की मॅग्नेटाइट त्या वेळच्या क्षेत्राच्या दिशेने चुंबकत्व धारण करते. त्यात टायटॅनियम मिसळलेले असल्यास आणखी कमी तापमानाला. कण जागचे हलत नाहीत, कारण खडक तोवर घट्ट झालेला असतो. ठरते ती त्यांच्या चुंबकत्वाची दिशा. पुढे सारा भूखंड सरकला तरी ती खडकासोबतच जाते.

दिशेबरोबर कलही नोंदला जातो, आणि खरी मौज येथेच आहे. मोकळी टांगलेली चुंबकसूची विषुववृत्तावर साधारणतः आडवी राहते, ध्रुवांजवळ उभी होते. उत्तर गोलार्धात तिचे उत्तर टोक खाली झुकते, दक्षिण गोलार्धात वर उचलले जाते. म्हणजे कल कळला, की अक्षांश काढता येतो.

महाबळेश्वरच्या माथ्याकडील थरांत उत्तरेकडे रोखलेली ही दिशा वर उचललेली आढळते. उत्तर गोलार्धातील खडकात दक्षिण गोलार्धाची खूण! खालचे थर तर दक्षिणेकडे रोखलेले व खाली झुकलेले आहेत, कारण ते थिजले तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच उलटे होते. घाट चढणारा प्रवासी नकळत एक ध्रुवपालट ओलांडतो.

नोबेल विजेते पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या लंडनमधील गटातील क्लेग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या बेसॉल्टची मोजमापे १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. वेगनर यांची खंडवहनाची कल्पना तेव्हा बहुतेक भूवैज्ञानिकांना मान्य नव्हती. या दगडांनी तिला आकड्यांचा आधार दिला. आज १९ अंश उत्तर अक्षांशावर असलेला मुंबईचा भूभाग लाव्हाच्या काळात सुमारे ३० अंश दक्षिणेला होता.

अर्थात दगडाची साक्षही उलटतपासणीवाचून ग्राह्य धरली जात नाही. वीज पडली की जुनी नोंद बिघडते. नंतरच्या क्षेत्राचे क्षीण चुंबकत्वही वर चढते. म्हणून नमुना कातळापासून सुटा करण्यापूर्वी त्यावर दिशा आखून घेतात. प्रयोगशाळेत बाहेरचे क्षेत्र अडवून तो टप्प्याटप्प्याने तापवला जातो. उपरे चुंबकत्व आधी उतरते. लाव्हा थिजतानाची दिशा सर्वांत शेवटी हाती लागते.