म्युपिरोसिन मलम: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लहान मुलांच्या नाकातोंडाभोवती फोड फुटून मधाच्या रंगाच्या खपल्या धरतात. हा इम्पेटिगो नावाचा जिवाणू संसर्ग. त्यावर डॉक्टर अनेकदा २ टक्के म्युपिरोसिनचं मलम देतात. औषध गुणकारी आहे, पण उरलेली ट्यूब पुढे घरातल्या प्रत्येक पुरळावर लावली जाते, तिथे घोळ होतो.

गैरसमज : त्वचेच्या कोणत्याही तक्रारीवर हे चालतं.
वस्तुस्थिती : म्युपिरोसिन मुख्यतः स्टॅफिलोकॉकस आणि स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूंची प्रथिनं बनणं थांबवतं. गजकर्ण बुरशीमुळे होतं, नागीण विषाणूमुळे, तर खरूज सूक्ष्म किड्यामुळे. तिथे त्याचा उपयोग नाही, उलट खरं निदान लांबतं. पू साठलेल्या मोठ्या गळवाला तर निचराच करावा लागतो.

गैरसमज : म्युपिरोसिन असलेली सगळी मलमं सारखीच.
वस्तुस्थिती : काहींत स्टिरॉइडही मिसळलेलं असतं. त्याने खाज आणि लाली दबते, पण गजकर्ण असेल तर ते पसरतच राहतं. फार दिवस लावल्यास त्वचा पातळ होते. म्हणून ट्यूबवरचे घटक वाचा.

गैरसमज : जाड थर लावला की लवकर गुण येतो.
वस्तुस्थिती : पातळ थर पुरतो, सहसा दिवसातून तीनदा. लावण्याआधी आणि नंतर हात साबणाने धुवा, नाहीतर संसर्ग हातांवाटे पसरतो.

गैरसमज : बरं वाटलं की थांबवावं, नाहीतर ट्यूब संपेपर्यंत लावावं.
वस्तुस्थिती : डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा आणि तिथेच थांबा. साधारणपणे १० दिवसांपेक्षा जास्त लावत नाहीत. विनाकारण वापरत राहिल्यास औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढतात. ३ ते ५ दिवसांत फरक दिसला नाही, तर पुन्हा दाखवा.

गैरसमज : वरून लावायचं औषध, त्याचा अपाय कसला?
वस्तुस्थिती : काहींना जळजळ, खाज किंवा ॲलर्जी होते. अनेक मलमांचा आधार पॉलिइथिलीन ग्लायकॉल असतो. मोठ्या उघड्या जखमेतून किंवा भाजलेल्या जागेतून तो शरीरात शोषला जातो आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना धोका होऊ शकतो. हे मलम डोळ्यांत जाऊ देऊ नका. नाकात लावायचं म्युपिरोसिन वेगळं मिळतं.

ताप आला, लाली झपाट्याने पसरू लागली किंवा वेदना वाढल्या, तर मलमावर विसंबू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. मधुमेह असेल तर लहान जखमेकडेही दुर्लक्ष करू नका. आणि आपली ट्यूब शेजाऱ्याला देऊ नका. त्याच्या पुरळाचं कारण वेगळं असू शकतं.