शब्दकोशातून रस्त्यावर आलेलं अक्षर

शब्दकोशात मूळ शब्द ठळक आणि अर्थ साध्या टाइपात ही सोय आज गृहीत धरली जाते. पण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले जाड टाइप जाहिरातींसाठी घडवलेले होते. बारीक मजकुराशेजारी ते फार धसमुसळे दिसत. लंडनच्या फॅन स्ट्रीट या टाइप ओतणाऱ्या फाउंड्रीत रॉबर्ट बेस्लीने 1845 साली ‘क्लॅरेंडन’ आणला, तो ही अडचण हेरूनच. त्याचे पंच, म्हणजे अक्षरांचे मूळ ठसे, कोरले बेंजामिन फॉक्सने.

क्लॅरेंडनमधला इंग्रजी छोटा ‘आर’ नीट पाहावा. खालची आडवी पट्टी, म्हणजे सेरिफ, जाडजूड आहे. पण ती उभ्या दांड्याला काटकोनात आदळत नाही, हलक्या वळणाने मिळते. वरची कमान संपते ती टपोऱ्या गोळ्यात. या वळणांमुळेच एवढं वजनदार अक्षर आडदांड वाटत नाही. खरं कसब इथेच आहे.

बेस्लीला नोंदणीचं संरक्षण मिळालं जेमतेम तीन वर्षांचं. मुदत संपताच इतर फाउंड्र्यांनी नकला काढल्या आणि कोशासाठी घडलेलं अक्षर भित्तिपत्रकांवर झळकलं. पुढे हर्मन आयडेनबेन्झ यांनी 1953 मध्ये स्वित्झर्लंडच्या हास फाउंड्रीसाठी ते नव्याने रेखलं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांच्या रस्त्यांवरील पाट्याही एके काळी याच वळणाच्या होत्या. लांबून वाचता याव्यात, तरी सरकारी हुकमासारख्या वाटू नयेत, अशा.