‘प्रोक्रॅस्टिनेशन’ : एका शब्दाचा अर्थविचार

भाषांतरकाराला अवघड शब्दांपेक्षा सोपे वाटणारे शब्दच अधिक फसवितात. अवघड शब्द आला की तो थांबतो, कोश पाहतो, विचार करतो. सोपा शब्द मात्र लेखणीच्या ओघात निसटून जातो. कामे पुढे ढकलण्याच्या सवयीला इंग्रजीत ‘प्रोक्रॅस्टिनेशन’ असे म्हणतात. हा अशाच निसटणाऱ्या शब्दांपैकी एक होय. त्याला मराठी प्रतिशब्द शोधावा लागत नाही. चालढकल, दिरंगाई, टाळाटाळ, कालहरण, वेळकाढूपणा, दीर्घसूत्रीपणा अशी रांगच समोर उभी राहते. परंतु हे शब्द एकमेकांच्या जागी बसणारे नाहीत. विलंब एकच असला, तरी त्याचा दोष कोणाच्या पदरी टाकावयाचा हे प्रत्येक शब्द निराळे सांगतो. म्हणून यांपैकी एक शब्द उचलणे म्हणजे एका परीने निवाडा देणेच आहे. तो निवाडा भाषांतरकाराने अजाणता देऊ नये, यासाठी मूळ शब्दाच्या अर्थाचा थोडा सावकाश विचार करणे अगत्याचे आहे.

शब्दाची घडण साधी आहे. लॅटिन भाषेत ‘क्रास’ म्हणजे उद्या. त्यापासून ‘क्रास्तिनुस’, म्हणजे उद्याचा, उद्यासंबंधीचा. त्यामागे ‘प्रो’, म्हणजे पुढे, हा उपसर्ग लागून ‘उद्यावर ढकलणे’ या अर्थाचे क्रियापद तयार झाले. आपल्या ‘ढकलणे’ या क्रियेत जी पुढे लोटण्याची कल्पना आहे, तीच येथे ‘प्रो’ या उपसर्गात आहे. एवढ्यावरून पाहता या शब्दात निंदा मुळीच नाही. कोणी ढकलले, का ढकलले, ते योग्य की अयोग्य, याविषयी व्युत्पत्ती मौन पाळते. निंदा त्यात पुढे आली, आणि ती कशी आली हे पाहणे उद्बोधक आहे.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात रुळला. त्या काळातील त्याचे रूप शेक्सपिअरच्या ‘द कॉमेडी ऑफ एरर्स’ या प्रारंभीच्या नाटकात दिसते. सिराक्यूजचा वृद्ध व्यापारी ईजिअन याला इफिससमध्ये देहदंड फर्मावला जातो. दंडाची रक्कम उभी करण्यासाठी त्याला एका दिवसाची मुदत मिळते. पैसा मिळण्याची त्याला आशा नाही. आपण केवळ मरण थोडे पुढे ढकलीत आहोत, एवढ्याच अर्थाने तो हे क्रियापद वापरतो. येथे क्रियापद सकर्मक आहे. पुढे ढकलली जाणारी वस्तू मरण ही आहे आणि ढकलणाऱ्याच्या स्वभावावर कसलाही ठपका नाही. उलट प्रेक्षकाला त्याची कणवच येते.

आजच्या इंग्रजीत हेच क्रियापद बहुधा कर्माविना येते. काय ढकलले हे सांगण्याची गरज उरत नाही. ‘तो प्रोक्रॅस्टिनेट करतो’ एवढे म्हटले की वाक्य पुरे होते, आणि ते कामाविषयी न राहता माणसाविषयी होते. मधल्या काळात नीतिपर वाङ्मयाने हा शब्द आपल्या ताब्यात घेतला, असे म्हणता येईल. १७४२ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या एडवर्ड यंग याच्या ‘नाइट थॉट्स’ या दीर्घकाव्यातील एका ओळीने तो म्हणीत जाऊन बसला. १७५१ साली सॅम्युएल जॉन्सनने ‘रॅम्बलर’च्या १३४व्या अंकात याच दुर्गुणावर निबंध लिहिला. तो निबंध छापखान्याचा पोऱ्या दारात खोळंबला असताना घाईघाईने लिहिला गेला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असल्यास विषय आणि लेखनप्रसंग यांचा इतका सुरेख मेळ विरळाच म्हटला पाहिजे. सारांश, जो शब्द एका क्रियेचे नाव होता, तो हळूहळू एका स्वभावदोषाचे नाव झाला.

या शब्दाचे शेजारी पाहिले म्हणजे त्याचा आजचा अर्थ अधिक रेखीव होतो. ‘पोस्टपोन’ म्हणजे नंतर ठेवणे. सभा, परीक्षा, विवाह पोस्टपोन होतात आणि त्यात कोणाचा दोष असेलच असे नाही. तारखा पुढे सरकतात तशा मागेही सरकू शकतात, म्हणूनच भारतीय इंग्रजीने त्याला ‘प्रिपोन’ असा जोडीदार सहज घडविला. ‘अ‍ॅडजर्न’ या शब्दात फ्रेंच भाषेतला ‘दिवस’ दडलेला आहे. चालू काम दुसऱ्या दिवसावर नेणे हा त्याचा मूळ अर्थ, आणि सभागृहाच्या संदर्भात ‘तहकूब’ हा आपला शब्द त्याला चपखल बसतो. ‘डिले’ हा केवळ उशीर आहे. तो पावसाने होईल, आगगाडीने होईल, माणसाने होईल. या सर्वांहून ‘प्रोक्रॅस्टिनेशन’ वेगळे पडते ते एका घटकामुळे, आणि तो घटक म्हणजे करणाऱ्याचे स्वतःचे ज्ञान. पिअर्स स्टील या मानसशास्त्रज्ञाने २००७ साली या विषयावरील संशोधनाचा मोठा आढावा घेतला. त्यातील व्याख्येचा आशय असा : स्वतः योजिलेले काम, ते लांबविल्याने आपलेच नुकसान होईल असे वाटत असतानाही, स्वेच्छेने लांबविणे. काम स्वतः योजिलेले असले पाहिजे, विलंब स्वेच्छेचा असला पाहिजे आणि तोट्याची जाणीव असली पाहिजे. यांतील एक जरी गोष्ट नसेल तरी हा शब्द लागू पडत नाही. ज्याला काम करावयाचेच नाही तो आळशी असेल, ज्याला करता येत नाही तो असमर्थ असेल, ज्याला करू दिले जात नाही तो अडलेला असेल.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ याने १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानात याचे एक मासलेवाईक उदाहरण दिले आहे, आणि योगायोगाने ते आपल्याच देशात घडलेले आहे. अ‍ॅकरलॉफ भारतात राहत असताना त्याचा मित्र जोसेफ स्टिग्लिट्झ भेटीस आला आणि जाताना कपड्यांची एक पेटी मागे ठेवून गेला. ती अमेरिकेला पाठवावयाची होती. येथील व्यवहाराची संथ गती आणि आपला अव्यवहारीपणा ध्यानी घेता त्यात एक अख्खा दिवस मोडेल, असा अ‍ॅकरलॉफचा अंदाज होता. आठ महिन्यांहून अधिक काळ, रोज सकाळी उठून, पेटी उद्या पाठवावयाची असे तो ठरवीत राहिला. या दोघा मित्रांना पुढे २००१ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. यावरून एवढे तरी दिसते, की हा दोष बुद्धिमांद्याचा नव्हे. अ‍ॅकरलॉफच्या विवेचनाचा गाभा असा, की प्रत्येक दिवसाचा निर्णय सुटा पाहिला तर तो फारसा चुकीचा वाटत नाही. आजचा त्रास ठळक दिसतो, एका दिवसाच्या विलंबाचा तोटा पुसट दिसतो. चूक दिवसांच्या बेरजेत असते. आपल्याकडील दुकानांत ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी असते. तिच्यातला विनोद हाच आहे. ‘उद्या’ हा शब्द रोज खरा असतो आणि तरीही तो दिवस कधी उगवत नाही.

विलंब सर्वत्र निंद्य आहे काय? नाही, आणि ज्या भाषांनी हे ओळखले त्यांनी दोन शब्द वेगळे ठेवले. रोमन लोकांजवळ असे दोन शब्द होते. इ. स. पू. २१७ मध्ये हॅनिबालच्या स्वारीने रोम हादरले असताना फेबिअसने समोरासमोरची लढाई कटाक्षाने टाळली आणि शत्रूला झिजविले. त्याला ‘कुंक्तातोर’, म्हणजे विलंब लावणारा, असे नाव पडले. ते आरंभी उपहासाचे होते. पण पुढच्याच वर्षी कॅनीच्या रणांगणावर रोमन सैन्याचा संहार झाला, तेव्हा ते गौरवाचे ठरले. १८८४ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या फेबिअन सोसायटीने आपले नाव त्याच्यावरूनच घेतले. याउलट इ. स. पू. ४३ मध्ये सिनेटने अँटनीवर शस्त्र धरण्याऐवजी वकील पाठविण्याचे ठरविले, तेव्हा त्याच्याविरुद्धच्या सहाव्या भाषणात सिसेरोने विलंबाचा धिक्कार केला, आणि त्यासाठी त्याने वापरलेला शब्द आपल्या चर्चेतील शब्दाचाच लॅटिन पूर्वज आहे. वकील पाठविणाऱ्यांनी मात्र त्याच कृतीला विवेक म्हटले असते. म्हणजे शब्द कोणता वापरावा हाच तेथे वादाचा विषय होता.

संस्कृतातही अशीच जोडी आहे, आणि ती अधिक स्पष्ट आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याच्या लक्षणांत ‘दीर्घसूत्री’ हा शब्द येतो. त्याच यादीत आळशी आणि विषण्ण अशा अर्थाचे शब्द स्वतंत्रपणे दिलेले आहेत, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. आळस, विषाद आणि चालढकल हे तीन निराळे दोष आहेत, असे ती यादी सुचविते. आज किंवा उद्या करावयाचे ते महिन्यातही न करणारा, असा या शब्दाचा अर्थ शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात लावला आहे. महाभारताच्या शांतिपर्वातील तीन माशांच्या गोष्टीत ‘दीर्घसूत्र’ नावाचा मासा प्राणास मुकतो. परंतु त्याच शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला चिरकारीची कथाही सांगतात. गौतमाने क्रोधाच्या भरात पुत्राला आईचा वध करण्याची आज्ञा दिली आणि तो निघून गेला. चिरकारी हा प्रत्येक गोष्टीचा फार वेळ विचार करणारा. पित्याची आज्ञा आणि मातेचे ऋण यांचा तो विचार करीत बसला. तोवर गौतमाला पश्चात्ताप झाला, तो धावत परतला आणि पत्नी जिवंत पाहून त्याने मुलाच्या विलंबाला आशीर्वाद दिला. ‘दीर्घसूत्र’ आणि ‘चिरकारी’ या दोघांची कृती बाहेरून एकच दिसते. दोघेही थांबतात. फरक एवढाच, की पहिला विचार टाळण्यासाठी थांबतो आणि दुसरा विचार करण्यासाठी.

आता मराठीकडे वळू. ‘दिरंगाई’ हा शब्द फारसी ‘दिरंग’वरून आला आणि अजूनही त्याला दप्तराचा वास आहे. दिरंगाई कचेरीत होते, खात्यात होते. तिचा कर्ता बहुधा अदृश्य असतो. एक कचेरी दुसरीकडे आणि दुसरी तिसरीकडे प्रकरण धाडू लागली की तिची ‘टोलवाटोलवी’ होते. ‘टाळाटाळ’ करणारा काम जितके टाळतो तितकाच माणूसही टाळतो. तेथे समोर कोणी मागणारा उभा असतो. ‘वेळकाढूपणा’त हेतू आहे, डाव आहे, फेबिअसच्या शत्रूंनी त्याला हाच शब्द लावला असता. ‘चेंगटपणा’ ही प्रकृती आहे, तीत निर्णयाचा संबंध नाही. ‘भिजत घोंगडे’ ठेवणे यात कामाची स्थिती दिसते. पाण्यात पडलेले घोंगडे जड होत जाते आणि उचलणे अधिकच अवघड होते, हे अ‍ॅकरलॉफने सांगण्यापूर्वीच मराठी माणसाला ठाऊक होते. राहता राहिला ‘चालढकल’ हा शब्द. त्यात ढकलणारा दिसतो, ढकलणे पुन्हा पुन्हा होते आणि ते त्याच्याच हातून होते. त्यामुळे ‘प्रोक्रॅस्टिनेशन’ला सर्वांत जवळचा शब्द तोच ठरतो. त्यात उणीव आहे ती एकच. ढकलणाऱ्याच्या मनातली टोचणी त्यात नाही. चालढकल करणारा खुशालचेंडूही असू शकतो. प्रोक्रॅस्टिनेट करणारा सहसा तसा नसतो.

‘दीर्घसूत्रता’ हा संस्कृत शब्द अखिल भारतीय पर्याय म्हणून सुचविला जातो. तोही जपून वापरावा लागेल. बंगालीत तो व्यक्तीइतकाच किंवा त्याहून अधिक शासनयंत्रणेच्या आणि न्यायालयांच्या विलंबासाठी रूढ आहे, म्हणजे तो आपल्या दिरंगाईच्या जवळ गेला आहे. हिंदीत बोलण्यात ‘टालमटोल’ चालते आणि त्याची सोयरीक आपल्या टाळाटाळीशी आहे. एकाच संस्कृत शब्दाने सर्व भाषांचे काम भागेल, ही समजूत येथे खोटी ठरते.

हा सूक्ष्म भेद समीक्षेत कोठे उपयोगी पडतो, हे ‘हॅम्लेट’वरून दिसेल. या नाटकाच्या समीक्षेचा केवढा तरी भाग नायकाच्या विलंबाविषयी आहे. नाटकात मात्र आपल्या चर्चेतला शब्द कोठेच येत नाही. तो समीक्षकांनी बाहेरून आणला आहे. कोलरिजचा हॅम्लेट विचाराच्या अतिरेकाने थांबतो. तो चिरकारीचा दूरचा आप्त म्हणावा लागेल. ब्रॅडलीच्या १९०४ च्या ग्रंथातला हॅम्लेट खिन्नतेने ग्रासलेला आहे. गीतेच्या यादीत तो विषण्णांत बसेल. आगरकरांनी १८८३ साली आपल्या भाषांतराला ‘विकारविलसित’ हे नाव दिले, तेव्हा त्यांनी नाटकाचे मर्म विकारांच्या खेळात पाहिले. नाटकातील नाटकाचा प्रयोग होईपर्यंत हॅम्लेटचे थांबणे सकारण आहे, कारण पिशाच्चाच्या शब्दाची त्याला परीक्षा पाहावयाची आहे. तेथे ‘चालढकल’ हा शब्द अन्याय करील. परंतु फॉर्टिन्ब्रासचे सैन्य पाहून केलेल्या स्वगतात, कारण आहे, इच्छा आहे, बळ आहे, तरी कृत्य का उरले हे आपल्यालाच उमगत नाही, असे तो कबूल करतो. स्टीलच्या व्याख्येतील सर्व अंगे येथे एकत्र भेटतात. आणि गंमत अशी, की हे स्वगत १६०४-०५ च्या दुसऱ्या क्वार्टो प्रतीत आहे, १६२३ च्या फोलिओत नाही. म्हणजे हॅम्लेटवर चालढकलीचा आरोप कितपत सिद्ध होतो, हे संपादक कोणती प्रत स्वीकारतो यावरही अवलंबून आहे.

अशा स्थितीत एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द नेमून देण्याचा हट्ट धरणे हिताचे नाही. भाषांतरकाराने आधी तीन प्रश्न विचारावेत : काम कोणी योजिले होते? विलंब कोणाच्या हातून झाला? आणि त्याचा तोटा त्याला कळत होता काय? तिन्ही उत्तरे एकाच व्यक्तीकडे बोट दाखवीत असतील, तर ‘चालढकल’ निःशंकपणे लिहावे आणि मनाची टोचणी दाखविण्याची जबाबदारी वाक्यरचनेवर टाकावी. उत्तरे फुटून वेगवेगळ्या दिशांना जात असतील, तर मराठीने ‘दिरंगाई’, ‘टाळाटाळ’, ‘वेळकाढूपणा’ हे शब्द त्यासाठीच राखून ठेवले आहेत. खात्याच्या दिरंगाईला एखाद्या माणसाची चालढकल म्हटले, तर निरपराध्याला शिक्षा होते. माणसाच्या चालढकलीला दिरंगाई म्हटले, तर अपराधी यंत्रणेच्या आड लपतो. कादंबरीतील पात्र असो वा इतिहासातील पुरुष, परक्या भाषेत त्याची बाजू मांडणारा दुसरा कोणी नसतो. त्याच्यावरील आरोपाचा शब्द भाषांतरकारच निवडतो, आणि त्या निवडीपुरते तरी त्याने चिरकारी व्हावे हेच इष्ट.